पाण्याला वॉर्ड कळत नाही, उतार कळतो

नालीचं काम निघालं की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले. किती लाखाचं? ठेका कोणाला? भूमिपूजन कधी? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, ना सभेत, ना पानठेल्यावर. तो प्रश्न म्हणजे, उतार किती?

आज त्या चौथ्या प्रश्नावर लिहितो. मंडळी, पोस्ट लांब आहे आणि थोडा हिशेबही आहे. पण आठवीतल्या पोराला जमेल इतकाच आहे. शेवटपर्यंत वाचा, कारण पैसा तुमच्या कराचा आहे आणि डास तुमच्या घरात आहेत.

आधी एक साधी गोष्ट. नळाचं पाणी टाकीतून दाबाने येतं. नळाचा पाइप मधे कुठे वर चढला, खाली उतरला, तरी पाणी पोचतं. सांडपाण्याचं तसं नाही. त्याला मागून ढकलणारं कोणी नाही. ते फक्त उताराने जातं. नाली असो की जमिनीखालची गटार, तिचं इंजिन म्हणजे तिचा उतार. उतार नसलेली नाली म्हणजे इंजिन नसलेली एसटी. रंग कितीही चांगला मारा, ती डेपोतच उभी राहणार.

वरोरा असो, भद्रावती असो, राजुरा असो की मूल, आपल्या भागातल्या कोणत्याही गावात सकाळी फिरायला निघा. नवीन काँक्रीटच्या नालीत काळं पाणी थांबलेलं दिसेल, तेही पाऊस नसताना. लोक म्हणतात, "सफाई होत नाही." नगरसेवक म्हणतात, "लोकच कचरा टाकतात." दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पण ज्या नालीत पाणी स्वतःहून चालत नाही, तिची सफाई रोज करावी लागेल आणि रोज कोणीच करत नाही. दुखणं बांधकामाच्या दिवशीच लागलेलं असतं.

हिशेब काय असतो?

केंद्र सरकारची सीपीएचईईओ नावाची संस्था आहे. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचे नियम तीच ठरवते. तिचं मलनिस्सारणाचं मॅन्युअल १९९३ मध्ये आलं, २०१३ मध्ये नव्याने आलं. देशभरचे सरकारी इंजिनिअर ते वापरतात, निदान वापरायला पाहिजेत. त्यातला हिशेब आपल्या भाषेत सांगतो.

दोनशे घरांची एक वस्ती घ्या. घरटी पाच माणसं, म्हणजे हजार लोक. गटार योजना असलेल्या गावासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे १०८ लिटर. हजार माणसांचं झालं १ लाख ८ हजार लिटर. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं सेकंदाला सव्वा लिटर.

पण पाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी सगळी वस्ती एकदमच आंघोळीला जाते, दुपारी नाली कोरडी असते. म्हणून २० हजारांपर्यंत लोकसंख्या असेल तर सरासरीच्या तिप्पट पाणी धरतात. तिप्पट म्हणजे सेकंदाला पावणेचार लिटर. चार सेकंदांत एक बादली. दोनशे घरांचं ऐन गर्दीच्या वेळचं पाणी एवढंच.

आता दुसरा आकडा, वेगाचा. सांडपाण्यात नुसतं पाणी नसतं. मैला असतो, वाळू असते, भांड्यांची राख, भाताची शितं असतात. पाणी हळू चाललं तर हे सगळं तळाशी बसतं. ते बसू नये म्हणून सुरुवातीच्या वर्षांतही दिवसातून एकदा, गर्दीच्या वेळी, पाण्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर असावा, आणि योजना पूर्ण भरात आल्यावर ०.८ मीटर असावा, असं मॅन्युअल सांगतं. सेकंदाला ०.६ मीटर म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याच्या जवळपास निम्मा वेग. एवढा वेग असला की नाली स्वतःच स्वतःला धुते. वरची मर्यादाही आहे. ३ मीटरच्या वर वेग गेला तर वाहती वाळू पाइप घासून खाते.

आणि तिसरी गोष्ट, पाइप कधीच काठोकाठ भरायचा नसतो. गर्दीच्या वेळीसुद्धा तो ८० टक्क्यांपर्यंतच भरावा. वरची जागा हवेसाठी सोडायची असते.

वेग, पाइपाचा व्यास आणि उतार या तिघांना बांधणारं सूत्र रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश इंजिनिअरने १८८९ मध्ये मांडलं. सव्वाशेवर वर्षं झाली, जग अजून तेच वापरतं. सूत्र इथे लिहीत नाही, त्याचा अर्थ सांगतो. उतार चौपट केला तर वेग दुप्पट होतो. पाइपाचा व्यास दुप्पट केला तर, उतार तोच असताना, पूर्ण भरलेला पाइप सहा पटीहून जास्त पाणी नेतो.

हे दुसरं वाक्य वाचून कोणी म्हणेल, "मग मोठाच पाइप टाका ना!" इथेच घोळ आहे.

"मोठा पाइप टाका" हे उत्तर नाही

आपल्या पावणेचार लिटरला १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची काँक्रीट पाइप द्या. दीडशे मीटरला एक मीटर उतार द्या. हिशेब केला की वेग येतो ०.६ मीटरच्या थोडा वर. पाइप साधारण ३८ टक्के उंचीपर्यंत भरतो. काम झालं.

आता तिथेच कोणीतरी टेबलावर मूठ आपटून म्हणतो, "सहा इंची काय टाकता, बारा इंची टाका." बारा इंची, म्हणजे ३०० मिलिमीटरचा पाइप येतो. आणि मोठा पाइप आला की उतार कमी होतो, कारण पुस्तकात मोठ्या पाइपाला कमी उतार चालतो असं असतं. धरा साडेचारशे मीटरला एक मीटर. पुस्तक खोटं बोलत नाही. पण तो उतार तेव्हा चालतो, जेव्हा पाइप निदान अर्धा भरून वाहतो. आपलं पाणी तर तेच आहे, चार सेकंदांत एक बादली. एवढ्या मोठ्या पाइपात ते एक पंचमांशही भरत नाही. वेग येतो ०.३९ मीटर. वाळू बसणार, मैला बसणार, पहिल्याच उन्हाळ्यात पाइपाच्या तळाशी थर.

म्हणजे पैसे जास्त गेले आणि काम बिघडलं. अगदी उतार तोच, दीडशेला एक, ठेवला आणि फक्त पाइप दुप्पट केला, तरी एवढ्या कमी पाण्याला वेग वाढत नाही. उलट किंचित कमीच होतो, कारण पाणी रुंद तळावर पसरतं.

मग मोठा पाइप, कमी उतार ही जोडी का आवडते? खोदकामाचा हिशेब करा. एक किलोमीटर लांबीत दीडशेला एक या उताराने पाइप साडेसहा मीटरपेक्षा जास्त खाली जातो. साडेचारशेला एक या उताराने फक्त सव्वादोन मीटर. खोल खोदायला पोकलेन जास्त वेळ लागते, बाजूच्या भिंती ढासळू नयेत म्हणून फळ्यांचा आधार द्यावा लागतो. त्रासाचं काम कमी होतं आणि पाइपाचं बिल मोठं होतं. लोक खूश, कारण रस्त्याच्या कडेला मोठमोठे पाइप पडलेले दिसतात. फोटोत व्यास दिसतो, मंडळी. उतार फोटोत दिसत नाही.

सांडपाणी एक बादली, पाऊस पंचवीस बादल्या

कोणी म्हणेल, पावसाळ्यात तर मोठीच नाली लागते. बरोबर आहे. तोही हिशेब करू.

एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर वस्ती. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ७० टक्के वाहून आला असं धरा. सेकंदाला ९७ लिटर पाणी होतं. हजार लोकांचं सांडपाणी पावणेचार लिटर, आणि अडीच एकरांवरचा पाऊस ९७ लिटर. पंचवीस पटीहून जास्त. म्हणून सांडपाण्याची गटार वेगळी आणि पावसाची वेगळी, हा नियम आहे.

पावसाचा आकडा कमी धरला तर काय होतं ते २६ जुलै २००५ ला मुंबईने पाहिलं. जुन्या मुंबईच्या पावसाळी नाल्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. एवढ्या पावसाला कोणतीच नाली पुरी पडली नसती, हे खरं आहे. पण त्यानंतर महानगरपालिकेला तो २५ चा आकडा ५० वर न्यावा लागला. आकडा कागदावर असतो, आणि एक दिवस तो घरात गुडघाभर येतो.

आपल्या गावांत एकच नाली दोन्ही कामं करते. संडासाच्या सेप्टिक टँकचं वरचं पाणी तिच्यात, मोरीचं पाणी तिच्यात, पावसाचंही तिच्यात. पावसासाठी म्हणून ती दीड फूट रुंद, सपाट तळाची चौकोनी बांधतात. वर्षातले आठ महिने पाऊस नाही. तेव्हा ती एक बादली पाणी दीड फूट रुंदीच्या तळावर पसरतं. तीनशेला एक उतार धरला तर जाडी जेमतेम अडीच सेंटीमीटर आणि वेग ०.३५ मीटरच्या आसपास. अडीच सेंटीमीटर पाण्यात खर्र्याची पन्नीसुद्धा तरंगत नाही, जिथे पडली तिथे चिकटते. तिच्यामागे गाळ, गाळामागे गवत.

यावर उपाय जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये अंड्याच्या आकाराच्या गटारी बांधल्या, निमुळता भाग खाली. पाणी कमी असलं तरी त्या अरुंद तळात ते खोल होतं आणि पळतं. आपल्या चौकोनी नालीच्या तळात मधोमध सहा इंची अर्धगोल खाच ठेवली तरी तोच फायदा मिळतो. तेच पाणी, तोच तीनशेला एक उतार, पण खाचेत पाणी सात सेंटीमीटर खोल आणि वेग ०.४७ च्या जवळ. उतार दीडशेला एक मिळाला तर ०.६ च्या वर. पावसाळ्यात वरचा चौकोन कामी येतो, उन्हाळ्यात खालची खाच. खर्च किती वाढतो? तळाला थोडं जास्त काँक्रीट आणि मिस्त्रीची दोन दिवसांची जास्त मजुरी. तुमच्या वॉर्डातल्या नवीन नालीत अशी खाच आहे का, जाऊन पाहा.

उतार मरतो कुठे?

आता मुद्द्याचं बोलतो. हे सगळं इंजिनिअरला माहीत नसतं असं नाही. डिप्लोमाच्या पुस्तकात आहे. तरी उतार मरतो, कारण आपण नाली तुकड्यांत बांधतो.

या वर्षी या प्रभागात शंभर मीटर. पुढच्या वर्षी त्या प्रभागात ऐंशी मीटर, वेगळ्या निधीतून, वेगळा ठेकेदार. मधला तुकडा राहून जातो, कारण तिथला नगरसेवक विरोधी पक्षाचा. पाच वर्षांनी सगळे तुकडे जोडले की कळतं, खालचा तुकडा वरच्यापेक्षा चार बोटं उंच आहे. पाण्याला वॉर्डाची हद्द कळत नाही. त्याला पक्षही कळत नाही. ते फक्त खाली जातं, आणि खाली वाट नसेल तर तिथेच थांबतं.

गटारीच्या कामाचा पहिला नियम असा, की काम शेवटापासून सुरू करायचं. पाणी जिथे सोडायचं तिथली पातळी आधी मोजायची आणि तिथून वर वर चढत यायचं. त्यामुळे प्रत्येक तुकडा बांधला की लगेच वाहता होतो आणि चूक झाली तर पहिल्याच आठवड्यात दिसते. आपल्याकडे काम सुरू होतं वरच्या टोकाला, जिथे मत जास्त आहेत किंवा जिथे पुढाऱ्याचं घर आहे. शेवटचा तुकडा, जो शेतातून, झुडपातून नाल्याकडे जातो, तो "पुढच्या टप्प्यात". त्या टप्प्याचं भूमिपूजन करायला कोणी येत नाही. झुडपात मंडप कोण टाकणार?

आणि शेवटची पातळी म्हणजे नुसत्या नाल्याचा तळ नव्हे, नाल्याच्या पुराची पातळीही. २०२२ च्या पावसाळ्यात वर्धा नदीच्या पुराने आपल्या तालुक्यातल्या गावांना कसं वेढलं ते सगळ्यांना आठवतं. नदी फुगली की नाले फुगतात, नाले फुगले की नालीचं तोंड पाण्याखाली जातं. मग उतार कितीही असो, पाणी उलटं येतं. हे आधी मोजता येतं, आणि तेवढ्यासाठी पंचांग लागत नाही.

दुसरं कारण सिमेंट रस्ते. जुना रस्ता उखडायचा नाही, त्याच्यावरच सहा-आठ इंच काँक्रीट ओतायचं. दोनदा असं झालं की रस्ता घराच्या ओट्याच्या वर जातो. मग नालीच्या भिंती वाढवतात, तळ तिथेच राहतो. पुढे पुलिया येते, ती नव्या रस्त्याच्या पातळीवर बांधलेली, तिचा तळ नालीच्या तळापेक्षा वर. नाली धावत येऊन भिंतीला धडकते. लोक म्हणतात, "पुलियाजवळच काहून तुंबते?" म्हणून तुंबते.

तिसरं कारण आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. वरोऱ्याच्या आजूबाजूच्या शेतात मे महिन्यात हातभर भेगा पडतात, शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. अशा मातीत पाइप नुसता खड्ड्यात टाकून वर माती लोटली तर दोन पावसाळ्यांत तो कुठे वर उचलला जातो, कुठे खाली बसतो. खाली बसला तिथे पाणी साचतं, सांधे उघडतात. म्हणून काळी माती काढून खाली वाळूचा, मुरुमाचा किंवा काँक्रीटचा थर द्यायचा असतो. अंदाजपत्रकात तो थर असतोच. खड्ड्यात असतो का, हे पाइप टाकायच्या आधी पाहावं लागतं. नंतर दिसत नाही.

चुकलेल्या उताराची किंमत कोण देतो?

हा नुसता डासांचा आणि वासाचा विषय असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

बंद गटारीत पाणी थांबलं की मैला सडतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. हा वायू दोन कामं करतो. पाइपाच्या छताचं काँक्रीट खातो, आणि चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाला मारतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला तर नाकाला वास कळणंच बंद होतं, म्हणून उतरलेल्याला धोका समजत नाही. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या आपण महाराष्ट्रात दरवर्षी वाचतो.

माणसाला गटारीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. चांगलं झालं. पण माणूस उतरतो का, हे कोणी विचारतं का? तो उतरतो कारण गटार तुंबते. ती तुंबते कारण पाणी पळत नाही. पाणी पळत नाही कारण कोणीतरी ऑफिसात बसून, लेव्हल न घेता, मागच्या कामाचं अंदाजपत्रक उतरवून काढलं. सही करणारा पंख्याखाली आणि किंमत देणारा चेंबरमध्ये. आणि तो कोणत्या वस्तीतून येतो, हे मी सांगायची गरज नाही. कुष्ठरोग्यांना माणूस म्हणून जगता यावं यासाठी जिथे बाबा आमटेंनी आनंदवन उभं केलं, त्या गावाने तरी हा प्रश्न विचारला पाहिजे.

उघड्या नालीत मरण लगेच येत नाही, एवढाच फरक. तिथला सफाई कामगार फावड्याने गाळ काढून काठावर टाकतो. तो गाळ तिथेच वाळतो आणि पहिल्या पावसात परत नालीत. तीच मजुरी, तोच गाळ, दर महिन्याला.

"पैसा नाही", "जमीन सपाट आहे", "लोक कचरा टाकतात"

ही तीन उत्तरं नेहमी मिळतात. एकेक घेऊ.

पैसा नाही? १ ऑक्टोबर २०२१ ला स्वच्छ भारत अभियान शहरी २.० सुरू झालं. एक लाखाच्या आतल्या गावांच्या सांडपाण्यासाठी त्यात तरतूद आहे. आपलं वरोरा २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आत होतं, म्हणजे आपण त्यात बसतो. पण ही तरतूद मुख्यतः नाल्यांचं पाणी अडवून, वळवून शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेण्यासाठी आहे. गावभर नवीन गटारी टाकायला नाही. म्हणजे केंद्रापर्यंत पाणी आणायचं काम आपल्या आजच्याच नाल्यांना करायचं आहे. नाल्यांत पाणी थांबलेलं असेल तर केंद्रात काय येणार? कोटींची टाकी, चकचकीत पंप, आणि आत पाणी नाही. असं केंद्र पाहायला फार लांब जावं लागत नाही.

जमीन सपाट आहे? असेल. सपाट जमिनीवर हिशेब जास्त काटेकोर करावा लागतो, सोडून देता येत नाही. धरा जमिनीचा स्वतःचा उतार पाचशेला एक आहे, म्हणजे किलोमीटरला दोन मीटर. पाइपाला पाहिजे साडेसहाच्या वर. उरलेले साडेचार मीटर खोदून मिळवायचे. ते परवडत नसेल तर गावाचे लहान लहान भाग करा, प्रत्येकाचं पाणी जवळच्या खोलगट जागी न्या, तिथे लहान पंप किंवा लहान शुद्धीकरण करा. हे निर्णय लेव्हल घेतल्यावरच होतात. लेव्हल घ्यायला एक ऑटो लेव्हल मशीन, एक पट्टी, दोन माणसं आणि काही दिवस लागतात. एका नालीच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही.

लोक कचरा टाकतात? हो, टाकतात. खर्र्याच्या पन्न्या, पाणी पाऊच, शिळं अन्न, सगळं. यात आपली चूक शंभर टक्के आहे आणि ती आपणच सुधारली पाहिजे. पण वाळू आणि माती लोक टाकत नाहीत, ती रस्त्यावरून येते. आणि कचरा टाकणाऱ्याला शिव्या देणारे साहेब हेही सांगत नाहीत, की स्वच्छ पाणी ओतलं तरी ही नाली पूर्ण रिकामी होत नाही.

तुम्ही स्वतः मोजू शकता

इंजिनिअर व्हायची गरज नाही. दोन परीक्षा सांगतो.

पहिली, झेंडूच्या फुलाची. सकाळी सात-आठच्या दरम्यान, पाणी जास्त असतं तेव्हा, नालीच्या काठाने दहा मीटर मोजा. वरच्या टोकाला फूल टाका आणि मोबाइलवर वेळ लावा. दहा मीटर जायला १७ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग ०.६ च्या खाली आहे. वरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा थोडं जास्त पळतं, म्हणजे ही परीक्षा नालीला सवलत देऊनच आहे. फूल थांबलंच, तर निकाल लागला.

दुसरी, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची. कोणत्याही मिस्त्रीकडे असते, घराची पातळी त्यानेच काढतात. तीस मीटर अंतरावर दोन ठिकाणी नळी धरा आणि नळीतल्या पाण्याच्या रेषेपासून नालीच्या तळापर्यंत टेपने मोजा. दीडशेला एक उतार असेल तर दोन मापांत २० सेंटीमीटरचा फरक आला पाहिजे. तीनशेला एक असेल तर १०. फरक शून्य आला, किंवा उलटा आला, तर फोटो काढून ठेवा. टेप दिसला पाहिजे. फक्त उघड्या नालीवर मोजा. कोणत्याही चेंबरचं झाकण उघडून आत डोकावू नका, उतरू तर अजिबात नका.

आणि तिसरी गोष्ट कागदाची. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार आपल्याला नुसत्या कागदाच्या प्रती मिळत नाहीत. चालू कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. अर्जात तीन गोष्टी मागा. नालीचा उभा छेद, ज्याला ते एल-सेक्शन म्हणतात. वेग आणि व्यासाचा हिशेब. आणि मोजमाप पुस्तिकेतल्या लेव्हलच्या नोंदी. काम झालं, बिल निघालं आणि लेव्हलची एकही नोंद नसेल, तर तो कागद स्वतःच बोलतो.

मागण्या

आता येणारी कोणतीही निवडणूक असो, दारात येणाऱ्या प्रत्येकाला, कोणत्याही पक्षाचा असो, या पाच गोष्टी विचारा.

१. संपूर्ण गावाचा एकच पातळी नकाशा करा. तो होईपर्यंत नवीन नालीचा एक तुकडाही नको. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्या.

२. प्रत्येक नालीचं काम शेवटच्या टोकापासून सुरू करा.

३. कामाच्या फलकावर रकमेच्या खाली उतारही लिहा. "रु. इतके लाख, लांबी इतकी, उतार दीडशेला एक." रकमेएवढ्याच मोठ्या अक्षरात.

४. शेवटचं बिल द्यायच्या आधी, वॉर्डातल्या लोकांसमोर नालीत पाणी सोडा. पाणी पूर्ण निघून गेलं तर बिल, थांबलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने सुधारायचं.

५. जुन्या रस्त्यावर रस्ता चढवणं बंद. आधी उखडा, मग करा.

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. इंग्रजांच्या काळात गाडी आणायची होती म्हणून त्यांनी इंच इंच मोजलं, कारण चढ-उताराचा हिशेब चुकला तर इंजिन थांबतं. आपल्या चौकाचौकात नालीच्या तळाची उंची लिहिलेली एक लहान पाटी लावायला काय हरकत आहे? दोन पाट्यांमधला फरक पाहून शाळेतलं पोरगंही सांगेल, पाणी कुठे जाणार.

उद्या सकाळी एक झेंडूचं फूल घ्या. तुमच्या दारापुढची नाली मोजा, वॉर्डाचं नाव आणि सेकंद इथे खाली लिहा. पन्नास वॉर्डवासीयांचे आकडे जमले की आपण ते एकत्र करून अर्जासोबत देऊ. तोंडी तक्रारीला "पाहतो" असं उत्तर मिळतं. आकड्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.